लांब पल्ल्याची केबिन: काय बसवलंत, काय काढून टाकलंत?

नमस्कार मंडळी,

गाडी हातात आली की केबिनमध्ये काहीबाही बसवायची हौस सगळ्यांनाच असते. पंखे, पडदे, इन्व्हर्टर, कॅमेरे, निळे दिवे. वर्ष उलटेपर्यंत त्यातलं निम्मं निघालेलं असतं आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशी एखादी वस्तू रोज उपयोगी पडत असते. दोन्हींबद्दल लिहा. नुसती यादी नको. वस्तू कुठे बसवली, कशाने पक्की केली, वीज कुठून घेतली आणि तिने काय फरक पडला ते सांगा. जाहिराती आल्या तर उडवल्या जातील.

सुरुवात माझ्यापासून. हात आखडता असेल तर असतील तेवढे पैसे सीटवर घाला, बाकीचं मागाहून. मी हवेची सीट, म्हणजे खाली हवा भरलेली पिशवी असलेली, बसवून घेतली. सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे वर-खाली हादरे पाठीला सगळ्यांत जास्त बाधतात, आणि साधी जाड फोमची सीट नेमके त्याच्या आसपासचे हादरे कमी करायच्या ऐवजी बऱ्याचदा वाढवते. युरोपात यासाठी २००२ सालचा निर्देश आहे. आठ तासांच्या हिशेबाने हादऱ्यांची पातळी ०.५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या वर गेली की मालकाला उपाय करावेच लागतात, आणि १.१५ ही शेवटची मर्यादा.

पण हवेची सीट घेतली म्हणून काम झालं असं नाही. ती आपल्या वजनाला लावून घ्यावी लागते. नीट दिसावं म्हणून ठासून हवा भरली की ती वरच्या टोकाला टेकून बसते आणि प्रत्येक खड्ड्याला ठोका देते. ती मधोमध तरंगायला हवी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं जावीत, आणि मागच्या खिशातलं पाकीट बाहेर काढावं. त्या पाकिटावर तासन्‌तास बसलं की कंबर एका बाजूला कलते. माझी डावी कळ पाकीट दरवाजाच्या कप्प्यात गेल्यापासून थांबली, सीट तर त्यानंतर आली!

टँकरवाला

माझा विषय वायरिंग. जुनी गाडी घेतली होती, वरवर एकदम टकाटक. टेप, फोनचे चार्जर, छोटा पंखा सगळं चालू. फक्त बॅटरी टिकत नव्हती, आणि दर वेळी जोडीतली एकच जायची. वायरमन बॅटरीच्या नावाने खडे फोडायचा. शेवटी एका जाणत्या माणसाने बॅटरीचं झाकण उघडलं आणि दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथून एक बारीक लाल वायर निघून केबिनमध्ये गेली होती.

प्रकार असा. मोठ्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. टेप आणि चार्जर १२ चे. मग सोपा मार्ग म्हणून मधूनच वायर काढतात. त्यामुळे दोघींतली एकच बॅटरी १२ चा सगळा भार वाहते, पण अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारं यंत्र) मात्र दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो. एक कायम अर्धपोटी राहते, दुसरीला अजीर्ण होतं. मरतात दोघीही, आधी कुठली ते नशीब. उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, पुरेशा अँपिअरचा. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज केबिनमध्ये लावला तर बॅटरीपासून तिथवरची वायर उघडीच राहिली ना? ती पत्र्याला घासली की आग तिथूनच लागते.

इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी एक भागाकार करावा. १००० वॉटचं यंत्र २४ व्होल्टवर चालवायचं तर ४२ अँपिअर, आणि इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरून ४५-५० पकडा. लायटरच्या सॉकेटमधून हे व्हायचं नाही, जाड वायर थेट बॅटरीपासूनच आणावी लागते. शिवाय व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होण्याची सोय असलेलाच घ्या, नाहीतर रात्री पंख्याचा गारवा आणि सकाळी ढकलायला माणसं शोधा.

कंटेनरचा उस्ताद

+१. फक्त इन्व्हर्टर बर्थखाली ठेवणाऱ्यांनी त्यावर गोधडी पडत नाही ना ते बघावं. त्याला वारा लागतो.

गाडी चालवणारी ताई

झोपेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या गाडीत आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो, त्यामुळे बर्थ ही माझ्यासाठी चैन नाही.

गादी घट्ट हवी. मऊ गादीत माणूस रुततो आणि गाडी वळली की लोळतो. काळा पडदा दुपदरी केला आणि कडेला चिकटपट्टी लावली. उजेडाची एक तिरीप आली तरी दिवसाची झोप उडते. चालत्या गाडीत बर्थवर झोपायचं असेल तर बर्थची जाळी किंवा पट्टा लावलाच पाहिजे, इथे माझी आणि आमच्या घरच्यांची अजून वादावादी होते. त्यांना तो पट्टा काचतो. मला विंडस्क्रीन काचेल असं मी सांगते.

दाराबद्दल. मुक्कामाला दोन्ही दारांची हँडलं एकमेकांना पट्ट्याने बांधते. त्याला बटणाचा बक्कल आहे, एका दाबात सुटतो. काही जण साखळी आणि कुलूप लावतात. चोराला बाहेर ठेवायला उत्तम, पण केबिनमध्ये धूर झाला तर अंधारात किल्ली शोधत बसायचं का?

आणि उठल्या उठल्या स्टेअरिंगला बसत नाही. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी टायर, दिवे, दोर बघून घेते.

निवृत्त चालक

माझ्या काळात यातलं काही नव्हतं. पण एक नियम होता: केबिनमध्ये सुटं काही नको. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गाडी थांबते, मागच्या फळीवरची टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, थांबत नाही. त्याहून वाईट पाण्याची बाटली. ती डोक्यात बसत नाही, घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाते आणि नेमकी उतारावर. बाटलीला खाच करा, हत्यारांना झाकणाची पेटी करा आणि पेटी केबिनच्या तळाला बोल्टने कसा. आग विझवायचा सिलिंडर बर्थमागे सामानात पुरू नका. दार उघडून जमिनीवर उभं राहिल्यावर हात पोचेल तिथे हवा, कारण आग लागली की तुम्ही बाहेर असाल आणि सिलिंडर आत.

झालर काढलेला

विंडस्क्रीनवरची झालर, गोंडे, डॅशबोर्डवरचा ट्रे सगळं उतरवलं. देवाची तसबीर ठेवली, पण छताला. उंच केबिनच्या अगदी नाकासमोर उभा माणूस दिसत नाही, आणि क्लीनरच्या बाजूला खाली सायकलवाला असला तर आरशातही हुकतो. त्यात आपण झालरीची चार बोटं वाया घालवतो. लंडनमध्ये १२ टनांच्या वरच्या ट्रकांना केबिनमधून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे देतात. ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी असतील तर जादा कॅमेरे, सेन्सर बसवल्याशिवाय परवाना नाही. मी त्या बाजूच्या दाराला खाली गोल आरसा लावला. कॅमेऱ्याची भिंगं मात्र चिखलाने दोन दिवसांत आंधळी होतात, फडकं जवळ ठेवा.

बिनकाचेचा गॉगल

बाहीचं कापड सुद्धा केबिनचंच सामान समजा. बाजूच्या काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार बराच आत येतो. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो आला होता. २८ वर्षं मालाची गाडी चालवलेली. खिडकीकडचा अर्धा चेहरा जाड, खोल सुरकुत्यांचा आणि दुसरा अर्धा बराच तरुण. तो फोटो बघितल्यापासून त्या हाताला बाही आहे. उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे गाडीत नीट काळे होत नाहीत, कारण विंडस्क्रीन त्यांना लागणारे किरण अडवतो. साधा गॉगल बरा.

थंडीतला प्रवासी

थंडीत काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका, कोळशाची तर अजिबातच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. डिझेलचा हीटर बसवलात तर जळायची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा हवा, आणि त्याची धुराची नळी अधूनमधून खाली वाकून बघावी. जोडीला या वायूचा अलार्म, उशीजवळ. आणि गजर ऐकू आला की आधी दार उघडायचं, कारण शोधणं नंतर.

धागाकर्ता

झोप उडवणाऱ्या यंत्रांबद्दल दोघांनी व्यक्तिगत विचारलंय, इथेच लिहितो. कानामागे लावायचं, मान झुकली की वाजणारं यंत्र मी वापरून पाहिलं. मान झुकेपर्यंत डोळे केव्हाच मिटलेले असतात. ताशी ८० ला चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ९० मीटर. त्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी घ्या, चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. कॅफिनला चढायला तेवढाच वेळ लागतो, उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. ताईंनी लिहिलेला उठल्यावरचा वेळ त्यात धरा. आणि पाठोपाठ पेंगच येत असेल तर तो उपाय नाही, रात्रभराची झोपच लागते.

पायरीवरचा

सगळे केबिनच्या आतलं लिहितायत. माझ्या ओळखीत घोटे आणि गुडघे गेले ते उतरताना. वरून उडी मारली की शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का घोट्यावर येतो, तोही तासन्‌तास बसून पाय आखडलेले असताना. तोंड गाडीकडे, आणि दोन हात दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. मी पायऱ्यांना खरखरीत पट्टी चिकटवली आणि दार उघडलं की पायरीवर पडेल असा छोटा दिवा लावला. चालकाच्या बाजूला धरायचा दांडा आहे, क्लीनरच्या बाजूचा मोडून गेलाय आणि तिथला पत्रा पातळ आहे. कोणी दांडा नव्याने बसवला असेल तर आतून पट्टी देऊन बोल्ट घेतलेत की वेल्डिंग केलंत, ते लिहा. जमल्यास फोटो टाका.