गोव्याच्या थंडीत डिंकाचे लाडू की तांबडी भाजी?

फोंड्याची_सून
माझं माहेर नाशिकचं, लग्नाला चार वर्षं झाली. दर डिसेंबरला आई डिंकाचे लाडू आणि बाजरीचं पीठ पाठवते. यंदा रोज दोन लाडू हाणले, आठव्या दिवशी तोंड आलं. सासूबाई म्हणतात, "हांगा थंडी खंय आसा?" (इथं थंडी कुठे आहे?) खरंच, पहाटे जरा गारवा आणि दुपारी पंखा. त्यात हिमोग्लोबिन ९.६ निघालं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण जेवणात काय बदलू? मासे खाते. तीन वर्षांचा मुलगा हिरवं काही दिसलं की तोंड फिरवतो.

म्हापशाची_काकू
बाय, लाडू टाकू नकोस, अर्धा अर्धा खा. आईने जीव लावून पाठवलेत. पण नाशिकचं जेवण इथं जसंच्या तसं कशाला? शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ये. गावठी तांबडी भाजी (लाल माठ), मुळे, अळसांदे (गोव्याची चवळी), उकडे तांदूळ, सगळं एका फेरीत मिळतं.

तांबड्या भाजीत लोह आहे, पण ऑक्झलेटही आहे, ते लोहाला अडवतं, त्यामुळे ते सगळं अंगी लागत नाही. म्हणून भाजी ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळ. कढईत नको, आचेवर क जीवनसत्त्व कमी होतं. धुवायची ती चिरण्याआधी. कांदा-मिरचीवर परतून शेवटी ओलं खोबरं. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद! माझ्या सुनेचं तेच चाललं होतं, ताटात रोज पालेभाजी आणि वर कपभर कडक चहा. चहा लोह शोषू देत नाही.

मुलाला नाचण्याचं तिजान, म्हणजे नाचणीची गोड पातळ खीर दे. नाचणे भिजवून, वाटून, गाळून घे, मग नारळाचा रस आणि माडाचं गोड (माडाचा गूळ) घालून ढवळत राहा. हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समज.

इसवण_नको
मासे खाता म्हणालात आणि तारल्यांचं (सार्डिन माशांचं) नाव कुणीच काढलं नाही! इसवणाच्या (सुरमईच्या) एका तुकडीच्या पैशांत घरभर पुरतील. ओमेगा-३ आहे, ड जीवनसत्त्व आहे, आणि बारीक काटा चावून खाल्लात तर कॅल्शियमही. पालेभाजीबरोबर मासा असला की भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. फक्त रवा लावून तळू नका, तिरफळं घालून हुमण (माशाचं कालवण) करा.

कुळीथ_पिठी
काकूंचं पटलं, पण घरात कुणाला मुतखडा असेल तर रोज तांबडी भाजी नको, आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाजरीला उगाच नावं ठेवू नका, तिच्यातही लोह आहे. रात्री एक भाकरी खाल्ली तर काही बिघडत नाही. कॅल्शियम मात्र नाचणीत कितीतरी जास्त, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

फोंड्याची_सून
काकू, तिजानात पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्याच. दुसऱ्या दिवशी जमलं, मुलाने वाटी चाटली. भाजीचं तांबडं पाणी त्याच्या भातात उतरलं, तर "गुलाबी भात" म्हणून रोज तोच मागतोय. पानं अजून ताटाच्या कडेला काढून ठेवतो. तारल्यांचं हुमण सासूबाईंनी केलं आणि मला शिकवलंही.

चहा चारपर्यंत थांबवायचा ठरवलाय. काल साडेतीनपर्यंत दम धरला.