मदत हवी आहे: भावाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, ऑपरेशन करावं का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय ३६. दोन्ही डोळ्यांखाली पिशव्या आहेत. कॉलेजात असल्यापासून थोड्या होत्याच, गेल्या काही वर्षांत जास्त ठळक झाल्यात. ऑपरेशन करून त्या काढता येतात असं कळलं. करावं का, आणि करायचं तर कोणत्या डॉक्टरकडे, हे विचारायचं आहे. नुसतं तेवढंच विचारलं की "काकडी ठेवा, लवकर झोपा" एवढ्यावर विषय संपतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

भाऊ गुजरीत एका सराफी दुकानात काउंटरला असतो. दारूच्या थेंबाला शिवत नाही. मावा खातो, तेवढं एक व्यसन आहे. तरी सकाळी दुकान उघडलं की एखादं ओळखीचं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "काय रं, रात्री जास्त झाली काय?" म्हणणारा सहज बोलतो आणि विसरतो. पण सोन्या-चांदीचा धंदा विश्वासावर चालतो. लग्नसराईत मालकांनीच त्याला बाजूला घेऊन "काही टेन्शन असलं तर सांग, लपवू नको" म्हणून विचारलं. यंदा एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी आमच्या गल्लीत येऊन परस्पर पानपट्टीवर चौकशी केली, पोरगा पितो का म्हणून. पानपट्टीवाल्यानं खरं तेच सांगितलं, तरी गोष्ट पुढं सरकली नाही. कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तेव्हापासून भाऊ घरातल्या फोटोतसुद्धा उभा राहत नाही, आणि मला ते बघवत नाही.

वडिलांना आणि आत्यालाही असंच आहे. वडिलांचा तिशीतला स्टुडिओत काढलेला काळा-पांढरा फोटो आहे, त्यातही डोळ्यांखाली तीच फुगीर कड दिसते. म्हणजे हे रक्तातच असावं.

आजवर काय केलं: फॅमिली डॉक्टर म्हणाले झोप वाढवा, पाणी प्या. दोन महागड्या क्रीम झाल्या, फरक शून्य. मग इथल्याच एका स्किन क्लिनिकमध्ये गेलो. तिथे डोळा नीट तपासलासुद्धा नाही, लगेच "फिलरचं इंजेक्शन देऊ, आजच केलंत तर सवलत" सुरू झालं (फिलर म्हणजे कातडीखाली भराव घालणारं इंजेक्शन). आम्ही उठून आलो.

आईचा ऑपरेशनला विरोध आहे. देवानं दिलेल्या चांगल्या डोळ्याला सुरी लावायची नाही, नजर गेली तर काय करणार, असं तिचं म्हणणं. तिची भीती मला खोटी वाटत नाही, म्हणूनच विचारते: नजरेला खरंच धोका असतो का? एकदा केलं की परत येतं का? टाका दिसतो का? आणि दिवाळीआधी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, तर किती दिवस घरी राहावं लागेल? जाणकारांनी किंवा स्वतः करून घेतलेल्यांनी कृपया लिहावं.

– सातवी गल्ली

प्रतिसाद: पंचगंगाकाठ

ताई, बटाट्याच्या गार चकत्या आणि फ्रीजमध्ये ठेवलेल्या चहाच्या पुड्या माझ्या मिसेसला उपयोगी पडल्या. सकाळी दहा मिनिटं ठेवायच्या. ऑपरेशनच्या आधी हे करून बघा. आणि लोकांचं काय मनावर घेता? ज्याला जे बोलायचं ते तो बोलणारच.

प्रतिसाद: नेत्रतज्ज्ञ सांगली

सातवी गल्ली ताई, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. मोतीबिंदूची कामं जास्त करतो, पापण्यांची शस्त्रक्रिया माझ्या हातची नाही. पण असे पेशंट तपासून पुढे पाठवतो, त्यामुळे जे ठाम माहीत आहे ते लिहितो.

सगळ्यात आधी त्या फुगवट्यात काय आहे ते ठरवायला हवं. वरून सगळं सारखंच दिसतं, पण कुणाच्यात चरबी असते, कुणाच्यात पाणी, कुणाची नुसती कातडी सैल पडलेली असते, तर कुणाला नाकाच्या बाजूने गालाकडे उतरणारी खाच खोल असल्यामुळे वरचा भाग फुगलेला वाटतो. बऱ्याच जणांत यातलं दोन-तीन मिसळलेलं असतं. ज्याच्यात चरबी आहे त्याला बटाटा लावून काही होणार नाही, आणि ज्याच्यात पाणी आहे त्याला कापून काही मिळणार नाही.

डोळ्याचा गोळा हाडाच्या खोबणीत चरबीच्या आधाराने बसलेला असतो. ही चरबी प्रत्येकाला असते आणि लागतेच. तिला पुढून सेप्टम नावाचा पातळ पडदा आवरून धरतो. हा पडदा वयानं सैल पडतो आणि चरबी पुढे डोकावते. काही घराण्यांत ते विशी-तिशीतच दिसू लागतं. तुमच्या वडिलांचा फोटो त्याच दिशेने बोट दाखवतो.

घरी एवढं बघा. भावाला दिवसाच्या उजेडात खिडकीसमोर बसवा. मान सरळ ठेवून फक्त नजर छताकडे न्यायला सांगा आणि बाजूने फोटो काढा. वर बघताना फुगवटा वाढला आणि खाली बघताना कमी झाला, तर चरबीची शक्यता जास्त. दुसरं, रविवारी रात्री तांबडा-पांढरा आणि सुकं मटण, बरोबर खर्डा आणि पापड असं जेवण झालं की सोमवारी सकाळी डोळे जास्त सुजतात आणि दुपारपर्यंत उतरतात का? तसं असेल तर त्यात पाण्याचा वाटा आहे आणि मीठ कमी केल्यावर फरक दिसेल. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मिसळीचा कट, फरसाण आणि लोणचं मिळून ते कधी ओलांडलं जातं ते कळतही नाही. सकाळ-संध्याकाळ, उपास असो की मटण, तेवढंच दिसत असेल तर ती बहुधा चरबी.

कापायचा विचार करण्याआधी काही आजार वगळावे लागतात. सूज अलीकडची असेल, सकाळी चेहरा आणि पायही सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासा, कारण मूत्रपिंडाच्या आजाराची पहिली खूण कधी कधी डोळ्यांभोवतीच दिसते. थायरॉइडची तपासणी तर कराच. डोळे मोठे किंवा वटारल्यासारखे दिसणं, एकाच बाजूला जास्त सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं, यातलं काही असेल तर आधी तो आजार आटोक्यात आणून डोळे काही महिने स्थिर राहावे लागतात, मगच शस्त्रक्रिया. शिंका येणं, डोळे खाजणं, ते सारखे चोळणं असेल तर ॲलर्जीचा इलाज करा. यासाठी पहिली पायरी म्हणून सीपीआरची (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाची) डोळ्यांची ओपीडी किंवा तुमचे जवळचे नेत्रतज्ज्ञ पुरेसे आहेत.

फिलरला घाईने हो म्हटलं नाहीत ते बरं झालं. खाच खोल आणि फुगवटा कमी असेल तर ते प्रशिक्षित हातात उपयोगी पडतं. पण फिलरमधलं हायल्युरॉनिक ॲसिड पाणी ओढून घेतं, त्यामुळे आधीच फुगलेल्या जागी सूज वाढू शकते, आणि पातळ कातडीखाली निळसर छटा दिसू शकते. क्वचित ते रक्तवाहिनीत गेलं तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. ब्यूटी पार्लरमध्ये तर ते घेऊच नये. "चरबी विरघळवणारं इंजेक्शन" म्हणून काही जण सांगतील, त्यालाही नको म्हणा. त्यासाठीच्या डिऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाला अमेरिकेत २०१५ साली परवानगी मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, डोळ्यांखालच्या नव्हे.

आता शस्त्रक्रिया. तिला लोअर ब्लेफरोप्लास्टी म्हणतात आणि ती दोन वाटांनी होते. पहिली आतून: खालची पापणी ओढली की जो लालसर भाग दिसतो, तिथून छेद घेतात. बाहेर व्रण राहत नाही, टाके बहुधा लागत नाहीत. कातडी सैल नसलेल्या तरुण माणसाला ही वाट जास्त योग्य. दुसरी बाहेरून: पापणीच्या केसांच्या लगेच खाली बारीक छेद. यात जादा कातडीही काढता येते, व्रण हळूहळू सुरकुतीत मिसळतो, पण पापणी खाली ओढली जाण्याचा धोका या वाटेने जास्त. म्हणून आधी पापणी बोटाने पुढे ओढून सोडतात आणि ती किती चटकन जागेवर बसते ते बघतात. ढिली असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात आधाराचा टाका घालतात.

आईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नजर जाण्याचा धोका आहे, पण फार दुर्मिळ. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दाब वाढला आणि वेळेत सोडवला नाही तर तसं होतं. पहिल्या २४ तासांत जोरात ठणका, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे येणं, दिसायला अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी सर्जनकडे जायचं. पुणं कोल्हापूरहून २३० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे केलंत तर त्याच संध्याकाळी गाडीत बसून परत निघू नका, किमान पहिली रात्र दवाखान्याजवळ राहा.

रक्तदाब ताब्यात हवा. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई चालू असेल तर आधी सांगा, पण हृदयासाठीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि मावा सुटायला हवा. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरायला वेळ लागतो.

प्रतिसाद: मावशी इचलकरंजी

ताई, मी करून घेतलंय. माझं वय जास्त आणि कातडीही लोंबत होती, म्हणून माझं बाहेरून केलं. जागेवर सुन्न करून आणि गुंगीचं औषध देऊन केलं, त्याच दिवशी सोडलं. करताना दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी आरशात बघून मात्र मी रडले. डोळ्यांभोवती जांभळं, नंतर हिरवं-पिवळं होत गेलं, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगा आल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं म्हणून धीर राहिला. बर्फाचा शेक पातळ रुमालातून, दोन उशांवर झोपणं, थेंब आणि मलम वेळेवर, वाकून फरशी पुसायची नाही, जड उचलायचं नाही. टाके आठवड्याच्या आत काढले. दोन आठवड्यांनी लोकांत वावरण्याजोगी झाले, पण बारीक सूज आणि ताठपणा जायला काही महिने लागले. डोळे कोरडे पडायचे, थेंब बरेच दिवस घातले.

एक सांगते, काळी वर्तुळं गेली नाहीत. फुगवट्याची सावली गेली, कातडीचा रंग तसाच आहे. भावाला हे आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद: पंचगंगाकाठ

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभार. माझ्या मिसेसची सूज सकाळचीच असायची, म्हणून गारव्याने उतरत असणार. तरी चांगल्या माणसानं लोकांच्या बोलण्यापायी ऑपरेशन करावं, हे मला पटत नाही.

सातवी गल्ली (धागाकर्ती)

पंचगंगाकाठ दादा, तुमचा मुद्दा मला कळतो. भाऊ एकदाही स्वतःहून म्हणाला नाही की मला हे करायचंय, विषय मीच काढला. म्हणून काल त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "ताई, मला हिरो दिसायचं नाही. मी न पिता पिणारा दिसतोय, तेवढं जाऊ दे." त्याचा चेहरा आहे, त्याला वाटतं ते मी मानणार.

डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे खिडकीसमोर फोटो काढले. वर बघितलं की फुगवटा स्पष्ट वाढतो, नाकाच्या बाजूचा भाग तर वाटाण्याएवढा वर येतो. सकाळ-संध्याकाळ फरक नाही. खाचही आहे, फुगवट्याच्या बरोबर खाली. रक्त-लघवी उद्या देणार. मावा बंद करायला तयार झालाय. ऑपरेशन दिवाळीनंतरच. आता एवढं सांगा, चरबी काढून टाकतात की हलवतात? दोन्ही वाचलं आणि गोंधळ झाला. आणि कोणता डॉक्टर शोधू, त्याला काय विचारू?

प्रतिसाद: नेत्रतज्ज्ञ सांगली

दोन्ही करतात. पूर्वी भरपूर चरबी काढत, आणि काही वर्षांनी डोळे खोल गेलेले, आजारी दिसत. आता बेतानं काढतात किंवा तीच चरबी खाली सरकवून खाचेत बसवतात. भावाला फुगवटा आणि खाच दोन्ही आहेत, त्यामुळे सरकवण्याबद्दल आवर्जून विचारा. ३६ व्या वर्षी जास्त काढून टाकणं मला स्वतःला धोक्याचं वाटतं, कारण वयानं गालाची चरबी पुढे कमीच होत जाणार. काढलेली चरबी सहसा परत येत नाही, परिणाम पुष्कळ वर्षं टिकतो. वय मात्र थांबत नाही.

डॉक्टर शोधताना एकतर ऑक्युलोप्लास्टीचं, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रियांचं, वेगळं प्रशिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ, नाहीतर पापण्यांची कामं नेहमी करणारा एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जन बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. विचारायचं असं: तुम्ही आतून करणार की बाहेरून, आणि आमच्या बाबतीत का? अश्रूंची तपासणी करणार का? रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार? पापणी ओढली गेली किंवा एक बाजू कमी-जास्त झाली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? त्यांनी स्वतः केलेल्या पेशंटचे आधीचे आणि काही महिन्यांनंतरचे फोटो मागा. खर्चात भूल, ऑपरेशन थिएटर, औषधं, पुढच्या तपासण्या धरल्यात का ते लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, त्यामुळे पैसे खिशातूनच जातील असं धरून चाला.

काउंटरवर उभं राहायला दोन आठवडे मोकळे ठेवा आणि लग्नसराईच्या आधी पुरेसं अंतर सोडा. पहिल्या भेटीला आईंनाही बरोबर न्या. त्यांचा नजरेचा प्रश्न त्यांनी स्वतः सर्जनला विचारू दे. उद्याचे रिपोर्ट आले की इथे टाका, थायरॉइडचे आकडे नॉर्मल असले तरी डोळ्यांची तपासणी सोडू नका.