शब्दचर्चा: स्क्रीनिंग, निदान, पेप्टाइड आणि पोटातल्या बाळाचं ऑपरेशन, हे मराठीत कसं लिहायचं?

पेडण्याची
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या बायकांच्या गटासाठी गरोदरपणातल्या तपासण्यांवर एक पत्रक मराठीत लिहितेय आणि शब्दांपाशी अडलेय. इंग्रजीत स्क्रीनिंग टेस्ट वेगळी, डायग्नोस्टिक टेस्ट वेगळी, पण मराठीत बघावं तर दोन्हींना "निदान" नाहीतर नुसतं "चाचणी". डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) म्हणजे पण "जन्मपूर्व निदान चाचणी" आणि पोटातून पाणी काढून करतात ती पण तीच! हे मला अजिबात पटत नाही, कारण घरातली माणसं या एका शब्दावर निर्णय घेतात, सासूबाई रिपोर्ट वाचतात, निदान झालं म्हणतात आणि विषय संपतो. तर मला हवेत ते शब्द असे, स्क्रीनिंग, डायग्नोसिस, फॉल्स पॉझिटिव्ह, फीटल सर्जरी, आणि पेप्टाइडला काही मराठी आहे का ते पण, कारण कळांच्या इंजेक्शनाबद्दल लिहिताना तो शब्द येतोच. पुस्तकी नको, आझिलोच्या (म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलच्या) ओपीडीत रांगेत बसलेल्या बाईला कळेल असं हवं.

जुनी पोथी
चांगला विषय काढलात ताई. "निदान" हा मुळात कारण सांगणारा शब्द. आयुर्वेदात निदानपंचक आहे, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती, त्यातलं पहिलं निदान म्हणजे रोगाचं कारण, आणि या पाचांवरून रोग ओळखायचा. पुढे ओळखण्यालाच निदान म्हणायला लागले. मराठीत त्याचा दुसरा उपयोग बघा, "निदान एवढं तरी कर", म्हणजे कमीत कमी, शेवटी काही नाही तरी इतकं. दोन्हीकडे हा शब्द तळाला जाऊन टेकतो, त्याच्या खाली आणखी काही उरत नाही. म्हणून जिथे अजून शंका बाकी आहे तिथे निदान वापरू नये असं माझं ठाम मत.

लेबर रूम सिस्टर
अगदी अगदी. "स्क्रीन पॉझिटिव्ह" लिहिलेला कागद घेऊन बाई येते, डोळे सुजलेले, रात्रभर झोप नाही, घरी सगळ्यांना सांगून झालेलं की बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा दोष) आहे. कागदावर असतं काय तर समजा एकास १८०. म्हणजे तसाच आकडा आलेल्या १८० बायका घेतल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला तो असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. लॅब साधारण एकास २५० किंवा त्याहून जास्त शक्यता आली की हाय रिस्क छापते आणि त्याचं मराठी आम्ही करतो "धोका जास्त", धोका म्हटल्यावर कोण आकडा बघणार? "शक्यता" लिहा गो बाय, धोका नको.

फोंड्याचा दोतोर
सिस्टर बोलल्या त्यात थोडी भर. डबल मार्कर ११ ते १३ आठवड्यांच्या मधे करतो, आईच्या रक्तात पॅप-ए आणि बीटा एचसीजी ही दोन प्रथिनं मोजतात, त्याच सुमारास सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघतात, आईचं वय घेतात आणि कॉम्प्युटर हे सगळं एकत्र करून शक्यता काढतो. बाळाचं एकही गुणसूत्र इथे कुणी बघितलेलं नसतं!! मग याला निदान कसं म्हणणार? गुणसूत्रं बघायची तर बाळाकडच्या पेशी हव्यात, त्या मिळतात वारेचा (प्लासेंटाचा) बारीक तुकडा घेऊन, साधारण ११ ते १३ आठवड्यांत, किंवा १५ आठवड्यांनंतर सुईने १५-२० मिली गर्भजल काढून. या दोन तपासण्यांत थोडा का होईना गर्भपाताचा धोका असतो (इथे धोका हाच शब्द बरोबर), म्हणून सरसकट सगळ्यांना करत नाहीत, आधी रक्ताची तपासणी करून कोणाला विचारायचं ते ठरवतात.

आणि एक, ते नवीन एनआयपीटी. आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे फिरतात हे डेनिस लो यांनी १९९७ मधे दाखवलं, त्यावरून ही टेस्ट आली. लोक तिला "डीएनए टेस्ट" म्हणतात आणि मराठी माणसाच्या डोक्यात डीएनए टेस्ट म्हणजे कोर्टातला शेवटचा पुरावा. पण ते तुकडे मुख्यतः वारेतून आलेले असतात, वार आणि बाळ क्वचित जुळत नाहीत, त्यामुळे डबल मार्करपेक्षा कितीतरी अचूक असली तरी ही पण स्क्रीनिंगच. पत्रकात हे ठळक लिहा प्लीज.

जुनी पोथी
मग स्क्रीनिंगला "चाळणी" आहेच की, चाळणी परीक्षा आपण म्हणतोच.

पेडण्याची
चाळणीचा विचार मी पण केला होता काका. अर्थ नेमका आहे, तांदूळ चाळताना खड्याबरोबर चार जाड दाणेही वर राहतात, मग ते हाताने निवडायचे, तसंच हे. पण चाळणी परीक्षेत माणूस पास होतो नाहीतर बाद होतो, आणि बाळाच्या बाबतीत बाद हा अर्थ डोक्यात आला तरी नको वाटतं. "अंदाजाची तपासणी"?

फोंड्याचा दोतोर
अंदाज नको, अंदाजपंचे वाटेल. इतकं मोजमाप करून काढलेला आकडा आहे तो. "शक्यतेची तपासणी" आणि "खात्रीची तपासणी" कसं वाटतं? जोडीने आले की आपोआप कळतं की पहिलीनंतर दुसरी असू शकते.

लेबर रूम सिस्टर
हे मस्त! ओपीडीत तोंडी सांगायला पण बरं. पॉझिटिव्हला मात्र काहीतरी करा, आणि "फॉल्स पॉझिटिव्ह"ला कुठेतरी "खोटा पॉझिटिव्ह" लिहिलेलं बघितलं, बायका विचारतात लॅबने खोटा रिपोर्ट दिला काय. "फसवा" पण तसलाच. मी सांगते, "शक्यता जास्त आली पण खात्रीच्या तपासणीत बाळ ठीक निघालं", लांब आहे, पण भांडण होत नाही.

मडगावचो भाचो
मधेच विचारतो, खात्रीची तपासणी म्हणजे ती गर्भजल परीक्षा ना? ती तर बंद आहे ना कायद्याने? आमच्या घरी सगळे तसंच म्हणतात.

पेडण्याची
नाही रे, बंद नाही, आणि हाच गैरसमज मला मोडायचाय. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा म्हटलं की मुलगा का मुलगी बघायची टेस्ट असंच झालेलं, मुली पाडल्या जात होत्या, बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, महाराष्ट्राने १९८८ मधे कायदा केला आणि मग १९९४ चा केंद्राचा आला, २००३ मधे दुरुस्ती झाली. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर आणि निवडण्यावर. गुणसूत्रांचे दोष, आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग यांच्यासाठी नोंदणी असलेल्या ठिकाणी तपासणी करता येते. पण सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे" ही पाटी वर्षानुवर्षं वाचून निदान आणि गुन्हा हे दोन शब्द लोकांच्या मनात चिकटलेत. पाटी हवीच, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती लागली म्हणून कितीतरी मुली वाचल्या असतील. पण थॅलेसेमियाचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) मूल आधी असलेली आई दुसऱ्या वेळी तपासणी मागायला घाबरते हे वाईट आहे. म्हणून मी "गर्भजल परीक्षा" न लिहिता "गर्भजलातल्या पेशींची तपासणी" असं पूर्ण लिहिणार.

फार्मसीवाला
पेप्टाइडचं मी सांगतो, हा माझा आवडता विषय. मराठी करायची गरजच नाही ताई, तो आपल्या नात्यातलाच आहे! एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव दिलं, ग्रीकमधे पेप्टोस म्हणजे पचलेलं, कारण प्रथिनं पचताना तुटून असे तुकडे मिळतात. त्या ग्रीक शब्दाचं आणि आपल्या संस्कृत पच् धातूचं मूळ एकच. म्हणजे पचन, पक्व, पाक, स्वयंपाक, पेप्सिन, पेप्टाइड सगळी चुलत भावंडं. मला हे कळलं तेव्हा वर्गातल्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

कुठे कुठे "प्रथिनखंड" लिहितात ते मात्र नको. ग्लुटाथायोन नावाचं तीन अमिनो आम्लांचं (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांचं) पेप्टाइड आपल्या पेशी एकेक आम्ल जोडून तयार करतात, ते कुठल्या प्रथिनाचा तुकडा नसतंच. "अमिनो आम्लांची छोटी साखळी" एवढं एकदा लिहा आणि पुढे सरळ पेप्टाइड. कळांच्या इंजेक्शनात असतं ते ऑक्सिटोसिन फक्त ९ अमिनो आम्लांचं, ते विन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मधे प्रयोगशाळेत बनवलं, शरीरातलं पेप्टाइड हार्मोन माणसाने स्वतः जोडून बनवण्याची ती पहिली वेळ, १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हा एकेक आम्ल जोडून दर वेळी शुद्ध करायचं म्हणजे महिनोन् महिने. मग १९६३ मधे ब्रूस मेरिफिल्ड यांनी साखळीचं एक टोक प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांना बांधून टाकलं, की जोडा, धुवा, परत जोडा, साखळी जागची हलत नाही. हल्ली हे काम मशीन करतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला हेच ऑक्सिटोसिन देतात, किती बायका यामुळे वाचल्या, यावर दोन ओळी पत्रकात जरूर लिहा.

पेडण्याची
वा, देव बरें करूं! पच् चं मला माहीतच नव्हतं, घेतेच. आता शेवटचं, फीटल सर्जरी. "गर्भशस्त्रक्रिया", "गर्भाशयांतर्गत शल्यकर्म" असले शब्द सापडले.

लेबर रूम सिस्टर
गर्भाशय शब्द घातलात की संपलं, बायका समजणार पिशवीचं ऑपरेशन, म्हणजे पिशवी काढणार! गर्भशस्त्रक्रिया ऐकून गर्भ पाडणार असंही वाटेल.

जुनी पोथी
शल्य म्हणजे अंगात रुतलेला बाण, काटा, आणि तो काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. सर्जरीचं ग्रीक मूळ वेगळं, हाताने केलेलं काम. आपल्या पणजीत पोर्तुगीज काळात १८४२ मधे सुरू झालेल्या इश्कोल मेडिकु-सिरुर्जिका या वैद्यकीय शाळेच्या नावातलं सिरुर्जिका तेच, त्या शाळेचं पुढे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) झालं. पोटातल्या बाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा काढायचं काही नसतं, हाताने दुरुस्त करायचं असतं, म्हणून शल्य नको, शस्त्रक्रिया किंवा सरळ ऑपरेशन.

फोंड्याचा दोतोर
"पोटातल्या बाळावरचं ऑपरेशन", बस. सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं उदाहरण पाठीच्या कण्याचं, कणा नीट मिटत नाही त्या स्पायना बिफिडाचा जो प्रकार उघडा राहतो तो. अमेरिकेतला मोठा अभ्यास २०११ मधे छापून आला, २६ आठवड्यांच्या आत आईचं पोट आणि गर्भाशय उघडून बाळाची पाठ शिवली तर जन्मानंतर शिवण्यापेक्षा डोक्यातलं पाणी काढायची नळी कमी मुलांना लागली आणि चालणं सुधारलं, पण दिवस भरण्याआधी प्रसूती आणि आईच्या गर्भाशयाचा टाका पातळ होणं वाढलं. दोन्ही बाजू लिहा, नुसता चमत्कार नको. आणि त्याच्या शेजारीच फॉलिक ॲसिडच्या गोळीचं लिहा, दिवस राहण्याआधीपासून घेतली तर हे व्यंग होण्याची शक्यताच बरीच कमी होते, ऑपरेशनपेक्षा ही ओळ जास्त बायकांच्या कामाची.

मडगावचो भाचो
थॅलेसेमियाचं वर आलंय म्हणून विचारतो, कॅरिअरला (ज्याच्यात आजाराचा दोष असतो पण आजार नसतो) काय लिहिणार? आमच्या नात्यात दोघं नवराबायको कॅरिअर आहेत, त्यांना कोणीतरी सांगितलं चारात एक मूल आजारी होतं, पहिलं झालं, आता पुढची तीन सुटली.

पेडण्याची
अरे बापरे, नाही नाही, त्यांना आजच सांग. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणी नव्याने तेवढीच असते, आधीच्या मुलावरून पुढच्याचं काही ठरत नाही. कॅरिअरला "वाहक" लिहितेय, आणि पुढे "वाहक म्हणजे आजारी नव्हे" हे त्याच ओळीत. त्यांना पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटू देत, म्हणजे दोघांच्या रक्तातला नेमका दोष आधी शोधून ठेवता येतो आणि ११ व्या आठवड्यानंतर वारेची तपासणी वेळेत करता येते. पत्रकाचा कच्चा मजकूर रविवारी इथेच टाकते, सिस्टर, तुम्ही पहिल्यांदा वाचा.