हातातला कन्सोल, वेगळा कंट्रोलर: तुमचा अनुभव लिहा

गिरगावकर

दोन खोल्यांच्या घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सात ते दहा तो आजीचा. हे बदलावं असं मला कधी वाटलं नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी आतेभावाकरवी बाहेरून स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, आणवला, कारण आपल्याकडे तो अधिकृतपणे विकायला नाही. वजन ६६९ ग्रॅम. वाचताना हा आकडा किरकोळ वाटतो, पण गादीवर उताणं पडून तासभर तो धरला की मनगटं आणि मान दोन्ही भरून येतात. महिन्याभरात मी खेळणं जवळजवळ सोडलं होतं.

मग कपाटात पडलेला पीएस४चा (प्लेस्टेशन ४चा) कंट्रोलर, म्हणजे ड्युअलशॉक ४, आठवला. स्टीम डेकच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ उघडायचं, कंट्रोलरवरचं शेअर आणि मधलं पीएस ही दोन बटनं एकत्र दाबून धरायची. पुढचा दिवा भराभर लुकलुकायला लागला की यादीत नाव दिसतं. बस, एवढंच. टचपॅड चालतो, कंट्रोलर हातात तिरका करून नेम धरणंही चालतं. यंत्र समोर स्टुलावर, मी भिंतीला पाठ टेकून आणि कंट्रोलर मांडीवर. मान दुखायची थांबली.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या, त्या आधीच सांगून ठेवतो. यंत्र उभं करायला मी पोळपाट भिंतीला टेकवला होता. स्टीम डेक मागच्या बाजूने हवा आत घेतो आणि वरच्या कडेने गरम हवा बाहेर टाकतो. पोळपाटाने मागची जाळी झाकली आणि पंखा किंचाळायला लागला. आता पुस्तक ठेवायचा तारेचा स्टँड वापरतो, पाठ मोकळी राहते. दुसरी गोष्ट म्हणजे ड्युअलशॉक ४ एका वेळी एकच यंत्र लक्षात ठेवतो. डोंबिवलीला भावाच्या पीएस४ला जोडून परत आणला की घरी पुन्हा पेअर करावा, म्हणजे नव्याने जोडून द्यावा लागतो. पहिल्यांदा तो नुसत्या पीएस बटनाला दाद देईना, तेव्हा बिघडलाच असं धरून चाललो होतो. बिघडलेला नव्हता, त्याच्या लेखी तो अजून डोंबिवलीतच होता.

मुंबईत बऱ्याच जणांची अडचण माझ्यासारखीच असणार, म्हणून हा धागा. स्टीम डेक, स्विच, आरओजी अ‍ॅलाय, अँड्रॉइडवाली छोटी यंत्रं, काहीही असो. काय जोडलं, काय जुळलं नाही आणि का, ते लिहा. 'का' जरूर लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो.

लालबागची_काकू

आमच्याकडे गणपतीत दीर-जावांची मिळून सात मुलं जमतात. यंत्र आहे निन्टेन्डो स्विच. त्याच्या दोन बाजूंचे जॉय-कॉन काढून आडवे धरले की प्रत्येक जॉय-कॉन एक वेगळा कंट्रोलर होतो, त्यामुळे दोन मुलं लगेच खेळायला बसतात. तिसरा प्रो कंट्रोलर. चौथ्यासाठी पुतण्याने स्वतःचा पीएस४वाला आणला आणि तिथे आम्ही अडलो. स्विच दुसऱ्या कंपन्यांचे कंट्रोलर थेट ब्लूटूथने घेत नाही. त्याला मध्ये दुभाषा लागतो. आम्ही ८बिटडू कंपनीचा छोटा यूएसबी अ‍ॅडॉप्टर घेतला. कंट्रोलर अ‍ॅडॉप्टरशी बोलतो आणि अ‍ॅडॉप्टर स्विचला सांगतो की मी तुझाच आहे. डॉकमध्ये, म्हणजे स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, तो सरळ बसतो. टीव्हीवर दर्शनाची गर्दी दाखवणारं चॅनल चालू असल्यामुळे आम्हाला स्विचच्याच पडद्यावर खेळायचं होतं. तेव्हा खालच्या टाइप-सी भोकाला ओटीजी (टाइप-सीत साधं यूएसबी लावू देणारी छोटी जोडणी) जोडून त्यात अ‍ॅडॉप्टर लावावा लागला. टेबलावर उभं ठेवलं की ते भोक खाली दबतं, म्हणून यंत्र पूजेच्या चौरंगाच्या कडेवर थोडं पुढे काढून ठेवलं होतं.

दुपारी सासूबाई पडल्या होत्या म्हणून आवाज नको होता. मोठ्या मुलाने ब्लूटूथ हेडफोन जोडायला घेतला, तर यंत्र म्हणे आधी एक कंट्रोलर काढा. स्विचमध्ये ब्लूटूथने आवाज ऐकायची सोय २०२१च्या सप्टेंबरमध्ये आली, पण ती वापरताना बिनतारी कंट्रोलर दोनच चालतात. दोन जॉय-कॉन आणि एक प्रो मिळून आमचे तीन होत होते. कोणाचा काढायचा यावरून रडारड सुरू झाली. शेवटी तारेचा साधा हेडफोन भोकात खुपसला आणि प्रश्न मिटला. पुतण्याच्या कंट्रोलरला या मोजणीत धक्का लागला नसता, कारण अ‍ॅडॉप्टर यूएसबीत असल्याने तो तारेचा धरला जातो.

अजून एक. स्विचवर ए बटन उजवीकडे आणि बी खाली असतं, एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर, नेमकं उलटं. दोन्ही घरी असतील तर मुलं आठवडाभर 'हो' म्हणायचं तिथे 'मागे' दाबत राहतात. सेटिंगमध्ये अदलाबदल करता येते. आम्ही करत नाही, मुलांच्या बोटांना दोन्हीची सवय झालेली बरी.

टाइपसी

एक्सबॉक्सचा नवा, २०२०नंतरचा कंट्रोलर आहे. लॅमिंग्टन रोडवरून टाइप-सी केबल आणली. लावली की कंट्रोलरचा दिवा लागायचा, पण स्टीम डेकला पत्ता नाही. सेल काढले, घातले, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. त्यातच रविवार गेला. मग शेजारच्या काकांनी, जे रेडिओ दुरुस्त करायचे, एकच प्रश्न विचारला: या केबलने मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर येतात का? आले नाहीत. केबल नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. वीज पोचत होती म्हणून दिवा लागत होता. आता कुठलीही केबल घेताना दुकानातच फोटोची परीक्षा घेतो. दुकानदार करू देतात, मागायला लाजू नका.

ठाणेकर_८४

वापरलेला एक्सबॉक्स कंट्रोलर घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी घेतला तेव्हा विकणारा म्हणाला 'वायरलेस आहे', आणि ते खरंच होतं. पण २०१३चे पहिले एक्सबॉक्स वन कंट्रोलर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीने बोलतात, त्यांच्यात ब्लूटूथ नाही. ब्लूटूथ आलं २०१६मध्ये, एक्सबॉक्स वन एसबरोबर. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल लोगो-बटनाच्या भोवतीचं प्लास्टिक पाहा. ते वरच्या वेगळ्या चकचकीत तुकड्याचा भाग असेल तर ब्लूटूथ नाही. पुढच्या मुख्य कवचाचाच भाग असेल तर आहे. माझा पहिल्या प्रकारचा निघाला. मायक्रो यूएसबी केबलने तो उत्तम चालतो आणि तार लावली की पेन्सिल सेलही लागत नाहीत, त्यामुळे परत केला नाही.

गिरगावकर

ठाणेकर, ही खूण कोणी आधी सांगितली असती तर माझ्या मित्राचे पैसे वाचले असते. धन्यवाद.

चौथा_मजला

माझा अनुभव कंट्रोलर तुटक चालण्याचा. राहायला कांदिवली, इमारत दाट. फोनवर वाय-फायची यादी उघडली तर पडदा दोनदा सरकवावा लागतो. कंट्रोलर जोडला जायचा, पण धावणारा खेळाडू मध्येच थबकायचा, किंवा बटन सोडल्यावरही पळत राहायचा. कंट्रोलर दोनदा बदलून पाहिला, काही फरक नाही.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. जुनं वाय-फाय तिथेच, मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. ब्लूटूथ यातून वाट काढायला सेकंदाला १६००पर्यंत वेळा वाहिनी बदलतं आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळतं, पण टाळायला मोकळी जागा शिल्लक तर हवी. पहिला उपाय म्हणून यंत्राचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाकलं. निम्मा त्रास गेला.

उरलेल्या निम्म्याचं कारण मला सुचणं शक्यच नव्हतं. मी यूएसबी ३चा हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) लावून त्यावर बाहेरची हार्ड डिस्क चालवत होतो आणि हब स्टीम डेकच्या अगदी पाठीला चिकटून होता. यूएसबी ३च्या तारा आणि जोडण्या काम करताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२मध्ये यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं. कामावरच्या एका जुन्या सहकाऱ्याने ते दाखवलं. हब हातभर लांब सरकवला. त्या दिवसापासून एकदाही तुटलेलं नाही. खिशातून पैसा गेला नाही, फक्त एक वस्तू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

आणि हो, मध्ये बसलेला माणूसही अडवतो. शरीरात पाणी भरपूर आणि पाणी या लहरी शोषतं. कंट्रोलर पाठीमागे धरून बसू नका.

जुना_प्लेअर

थोडं जुनं सांगतो. हीरा पन्नातून घेतलेला पीएसपी गो (सोनीचा हातातला कन्सोल, २००९चा) माझ्याकडे अजून आहे. पीएसपींच्या घराण्यात ब्लूटूथ होतं ते याच एकाला, आणि त्याला पीएस३चा कंट्रोलर जोडता यायचा. अट अशी की पहिल्यांदा ओळख करून द्यायला पीएस३ लागायचा. माझ्याकडे नव्हता, मित्राकडे होता. यंत्र आणि कंट्रोलर दोन्ही पिशवीत घालून बोरिवली लोकलने त्याच्या घरी गेलो, ओळख करून दिली आणि परत आलो. टीव्हीला केबल लावून लांबून खेळलो त्या रात्रीचा आनंद अजून आठवतो.

मृगजळ

यंत्र घ्यायला पैसे नसतील तर: अँड्रॉइड १० किंवा पुढचं असलेल्या फोनला ड्युअलशॉक ४ थेट जुळतो. आयफोनला २०१९च्या आयओएस १३पासून. मी कॉलेजला जाताना फोन आणि चिमट्यासारखा होल्डर एवढ्यावर भागवते. गर्दीच्या डब्यात नाही अर्थात, घरी.

चौथा_मजला

आणखी एक राहिलं. बाहेरचा कंट्रोलर जोडला तरी स्टीम डेकची स्वतःची बटनं 'पहिला खेळाडू' राहू शकतात. काही खेळ फक्त पहिल्याचंच ऐकतात, मग वाटतं कंट्रोलर मेला. तीन टिंबांच्या बटनाने जो मेनू उघडतो त्यात कंट्रोलरांचा क्रम बदलायची सोय आहे. बाहेरचा वर घ्या.

सांजवात

हा धागा दोन दिवस वाचते आहे. आमचा अनुभव थोडा वेगळा आहे.

बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, वडाळा डेपो. निवृत्तीनंतर चार वर्षांनी पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय काठीपुरता. बोलणं परत आलं. दिवसभर खिडकीत बसून खालच्या रस्त्यावर बस कशी वळवली यावर टीका करायचे. भावाने त्यांना स्टीम डेकवर ट्रक चालवायचा गेम दाखवला. एका हाताने यंत्र धरणार कसं आणि स्टिक फिरवणार कशी? पाच मिनिटांत त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दोन दिवस त्या विषयावर बोलले नाहीत.

भावाने मग एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर मिळवला. २०१८मध्ये आलेला आहे, अपंग खेळाडूंसाठी बनवलेला. चपटी पाटी, वर दोन मोठ्या गोल बटन-थाळ्या, मागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आणि बाजूंना दोन यूएसबी. प्रत्येक भोक म्हणजे एक बटन: पायाचा स्विच, मुठीएवढं बटन, जे त्या माणसाला जमेल ते लावायचं. स्टीम डेकला तो साधा एक्सबॉक्स कंट्रोलर म्हणूनच दिसतो, जोडणीत काही वेगळं करावं लागलं नाही.

आम्ही भोकं वापरलीच नाहीत. भावाने तो अख्खा कंट्रोलर जमिनीवर, बाबांच्या उजव्या पायाखाली ठेवला. एक थाळी अ‍ॅक्सिलरेटर, दुसरी ब्रेक, स्टीम डेकच्या सेटिंगमध्ये तशी नेमून दिली. डाव्या यूएसबीत एक जॉयस्टिक लावली, ती टेबलावर उजव्या हाताशी. ती डाव्या स्टिकचं, म्हणजे स्टिअरिंगचं काम करते. सात इंचाचा पडदा त्यांना दिसत नाही, म्हणून टाइप-सी हबमधून एचडीएमआय टीव्हीला. आईने दुपारी चार ते साडेचार टीव्ही सोडून दिला.

पहिल्या दिवशी बाबांनी पाय थाळीवर ठेवला, एकदा दाबला, सोडला. मग न बघता ब्रेकच्या थाळीवर नेला. पायाला जागा आठवत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथूनच आत वळली.

गिरगावकर

सांजवात, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मामांची स्थिती बरीचशी अशीच आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत: थाळी नुसती चालू-बंद होते की हळूहळू दाबता येते? आणि कंट्रोलर फरशीवर सरकत नाही का?

सांजवात

थाळी चालू-बंदच आहे. वेग कमी ठेवायला बाबा पाय टेकवत-उचलत चालवतात, आणि घाटातसुद्धा जमवतात. हळूहळू दाबायचं पेडल हवं असेल तर ट्रिगरच्या (कमी-जास्त दाबता येणाऱ्या बटनाच्या) भोकात तसं पेडल लावता येतं.

सरकायचा, खूप. रबरी पायपुसण्याच्या उलट्या बाजूवर वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बसवला. खुर्चीची उंची फिजिओथेरपिस्टला दाखवून ठरवा, गुडघा काटकोनात हवा. मामा कुठल्या बाजूने अधू आहेत ते कळवा, डावा पाय वापरायचा असेल तर थाळ्यांची अदलाबदल कशी करायची ते भावाला विचारून लिहिते. चारनंतर मात्र नाही, तेव्हा तो बाबांच्या शेजारी कंडक्टरच्या जागेवर बसलेला असतो.