शब्दचर्चा : ‘अवमूल्यन’, ‘घसरण’ आणि तेलावर जगणारे देश
(ताळेबंद, शेषफळ, मुळाक्षर आणि पायरी ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावे.)

ताळेबंद :
‘तेलावर अवलंबून असलेल्या देशाने चलनाचे अवमूल्यन करावे का?’ या वाक्यातले दोन शब्दप्रयोग मला खटकतात. पहिला ‘तेलावर अवलंबून’. तेल विकून जगणारा देशही तेलावर अवलंबून असतो आणि तेल विकत घेतल्याशिवाय ज्याचे चाक फिरत नाही तोही. चलन स्वस्त केले की या दोघांवर होणारे परिणाम अगदी उलट असतात. दुसरा शब्द ‘अवमूल्यन’. चलन कोणत्याही कारणाने स्वस्त झाले तरी बातमीत हाच शब्द येतो. हे बरोबर आहे का?

शेषफळ :
पहिल्याबद्दल वाद नसावा. ‘तेलनिर्यातीवर अवलंबून’ लिहिले की प्रश्न मिटतो. ‘तेलसंपन्न’ मात्र नको. नॉर्वेही तेलसंपन्न आहे, पण तिथे तेलाचा पैसा परदेशात गुंतवणाऱ्या निधीत जातो आणि त्यातला ठरावीक भागच दरवर्षी अर्थसंकल्पात येतो. तेलाचा भाव पडला म्हणून तिथले पगार अडत नाहीत.

दुसऱ्यासाठी कर्ता कोण ते पाहावे. सरकार किंवा मध्यवर्ती बँक जाहीर दर बदलते, तेव्हा ते अवमूल्यन. बाजारात मागणी-पुरवठ्याने दर खाली आला, तर ती घसरण. अवमूल्यन ‘केले जाते’, चलन ‘घसरते’. इराकच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२० मध्ये डॉलरचा अधिकृत दर सुमारे १,१९० दिनारांवरून १,४५० वर नेला. हे अवमूल्यन. रशियाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी रूबल बाजारावर सोडला आणि त्यानंतर तो कोसळला. ही घसरण, कितीही मोठी असली तरी.

कझाकस्तानात तर दोन्ही प्रकार सुमारे दीड वर्षात झाले. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी डॉलरचा दर सुमारे १५५ टेंगेंवरून १८५ वर नेला, ते अवमूल्यन. २० ऑगस्ट २०१५ रोजी टेंगे तरता केला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोडला, आणि एका दिवसात डॉलर १८८ वरून २५५ च्या आसपास गेला. त्या दिवशी सरकारने नवा दर जाहीर केलाच नाही, फक्त जुना राखणे सोडले. म्हणून दुसऱ्या घटनेला अवमूल्यन म्हणू नये.

मुळाक्षर :
सहमत, पण सीमारेषेवरची उदाहरणे विसरू नका. नायजेरियाने नायराचा दर सव्वा वर्षाहून अधिक काळ डॉलरला १९७ ते १९९ असा धरून ठेवला आणि जून २०१६ मध्ये ‘सोडला’. तो २८० च्या पुढे गेला आणि थोड्याच महिन्यांत ३०५ ला येऊन पुन्हा खिळला. अधिकृत भाषेत हा तरता दर, वागणुकीत जखडलेला. अशा ठिकाणी मी ‘अवमूल्यन’च लिहीन, कारण ३०५ हा आकडा कोणीतरी ठरवत होते.

शब्दाबद्दल आणखी एक. हिशेबातल्या ‘डेप्रिसिएशन’ला आपल्याकडे ‘घसारा’ हा पक्का शब्द आहे. यंत्राचा, इमारतीचा, गाडीचा घसारा. तोच इंग्रजी शब्द चलनासाठी आला की काही भाषांतरांत ‘चलनाचा घसारा’ छापले जाते. ते चूक. चलनाची घसरण. पाठ्यपुस्तकी ‘मूल्यऱ्हास’ चालेल, पण तो महागाईने होणाऱ्या क्रयशक्तीच्या ऱ्हासालाही वापरतात, त्यामुळे वाचक अडखळतो.

उलट बाजूला ‘पुनर्मूल्यन’ घ्यावे, ‘अधिमूल्यन’ नको. ‘अधिमूल्य’ हा शब्द शेअरच्या दर्शनी किमतीवरच्या रकमेसाठी आधीच अडकला आहे आणि ‘अधिमूल्यित चलन’ म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा महाग राखलेले चलन. इराकने फेब्रुवारी २०२३ मध्ये दर १,४५० वरून १,३०० वर आणला, ते पुनर्मूल्यन. तेलाचा भाव चढल्यावर अवमूल्यन अंशतः मागे घेतल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

ताळेबंद :
टक्केवारीचाही गोंधळ दिसतो. अझरबैजानने २१ फेब्रुवारी २०१५ ला आपल्या ‘मनात’ नावाच्या चलनाचे अवमूल्यन केले, ते कुठे ३४ टक्के आणि कुठे २५ टक्के लिहिलेले आढळते. बरोबर काय?

शेषफळ :
दोन्ही, फक्त कशाचे ते लिहायला हवे. डॉलरचा दर सुमारे ०.७८ मनातवरून १.०५ झाला. डॉलर जवळपास ३४ टक्क्यांनी महागला आणि मनातची डॉलरमधली किंमत सुमारे २५ टक्क्यांनी उतरली. ‘मनातचे ३४ टक्के अवमूल्यन’ हे वाक्य मात्र चुकीचे. सूत्र सोपे आहे: डॉलर क्ष टक्के महागला, तर चलन क्ष भागिले (१०० अधिक क्ष) इतके उतरते. डॉलर दुप्पट झाला तर चलन ५० टक्के उतरले. १०० टक्के उतरले असे लिहिणे म्हणजे ते चलन शून्य झाले.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला डॉलर १.०५ वरून १.५५ वर गेला. डॉलर सुमारे ४८ टक्के वर, मनात ३२ टक्के खाली. हे दोन धक्के ‘२५ अधिक ३२’ असे मिळवायचेही नाहीत. ०.७८ ते १.५५ म्हणजे मनातची किंमत जवळपास निम्मी झाली.

पायरी :
शब्द नीट लागले की मूळ प्रश्नही बदलतो. ‘अवमूल्यन करावे का’ हे फक्त जाहीर दर असलेल्या देशालाच विचारता येते: सौदी अरेबिया (डॉलरला ३.७५ रियाल, १९८६ पासून), संयुक्त अरब अमिराती (३.६७२५ दिरहम), ओमान. रशिया किंवा कझाकस्तानला आज विचारायचे ते ‘घसरू द्यावे का’. आणि इक्वेडोरला यातले काहीच विचारता येत नाही. तेल निर्यात करणाऱ्या या देशाने २००० साली स्वतःचे चलन सोडून अमेरिकी डॉलरच स्वीकारला.

आता उत्तराकडे. पाठ्यपुस्तकात पहिले वाक्य असते, ‘अवमूल्यनाने निर्यात वाढते’. तेलनिर्यातदारासाठी हे जवळजवळ निरर्थक आहे. तेलाचा भाव डॉलरमध्ये ठरतो, आणि किती उपसायचे ते विहिरींची क्षमता व ओपेकचा कोटा ठरवतो. रियाल स्वस्त झाला म्हणून कोणी एक पिंपही जास्त घेत नाही. डॉलरमधली कमाई तेवढीच राहते. बदलतात दोन गोष्टी. आयात महागून आटते, आणि सरकारच्या हातात येणारे स्थानिक चलन वाढते. तेलावर जगणाऱ्या सरकारला अवमूल्यनाचा मोह पडतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. निर्यातवाढीचे कारण भाषणापुरते.

गणित करून पाहा. काल्पनिक देश, रोज दहा लाख पिंपे विकतो, सगळा पैसा सरकारकडे. भाव ८० डॉलर आणि दर १०० असताना रोजचे आठ कोटी डॉलर म्हणजे ८०० कोटी स्थानिक चलन. खर्चही ८००. भाव ५० वर आला: पाच कोटी डॉलर, ५०० कोटी चलन, तूट ३००. दर १६० केला की पाच कोटी डॉलरचे पुन्हा ८०० कोटी होतात. कागदावर तूट संपली.

पण त्या ८०० कोटी खर्चातला ३० टक्के भाग डॉलरशी बांधलेला असेल (परकीय कर्जाचे हप्ते, औषधे, धान्य, आयात इंधनावरचे अनुदान), तर तो २४० वरून ३८४ होतो. एकूण खर्च ९४४, तूट १४४. मग महागाई येते, पगार आणि निवृत्तिवेतन वाढवावे लागते. उरलेला ५६० चा भाग २० टक्क्यांनी वाढला तर ६७२. एकूण १,०५६, तूट २५६. एवढे सगळे करून ३०० ची तूट २५६ वर आली. म्हणून अवमूल्यनाचा फायदा टिकतो की नाही ते दोन आकड्यांवर ठरते: खर्चातला डॉलरचा वाटा आणि पगार किती काळ रोखून धरता येतात. बाकी चर्चा नंतर.

मुळाक्षर :
अनुदानाचा मुद्दा ठळक करायला हवा, कारण इथेच ‘तेल’ हा शब्द फसवतो. कच्चे तेल विकणारा देश पेट्रोल आयात करत असू शकतो. नायजेरियाने वर्षानुवर्षे तेच केले. पेट्रोल स्थानिक चलनात ठरावीक भावाने विकायचे आणि आयात डॉलरमध्ये करायची, तर अवमूल्यन केल्याबरोबर अनुदानाचे बिल त्याच प्रमाणात फुगते. २०२३ मध्ये तिथे क्रम बरोबर लावला गेला. मे अखेरीस पेट्रोल अनुदान संपवल्याची घोषणा, जूनच्या मध्यात दर मोकळा. क्रम बरोबर असूनही त्रास चुकला नाही. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर १,५०० नायरांच्या आसपास होता, आदल्या मे महिन्यात तो ४६० च्या घरात होता. दर फार काळ खोटा ठेवला की सोडल्यावर तो खऱ्या पातळीवर थांबत नाही, तिच्या पलीकडे जातो. साठवून ठेवलेली डॉलरची सगळी मागणी एकदम दारात येते.

ताळेबंद :
मग सौदी रियाल ३.७५ वर का राखतात? २०१४ नंतर त्यांची परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ७३० अब्ज डॉलरवरून २०१७ अखेरीस ५०० अब्जांच्या आसपास आली. एवढी किंमत कशासाठी?

पायरी :
कारण तिथे अवमूल्यनाची कामाची बाजू कमजोर आहे. आयातीला पर्याय ठरेल असे देशी उत्पादन मर्यादित, त्यामुळे आयात महागली तरी लोक देशी मालाकडे वळू शकत नाहीत, फक्त कमी घेतात किंवा जास्त पैसे मोजतात. खासगी क्षेत्रातले कामगार मोठ्या संख्येने परदेशी. ते घरी पैसे पाठवतात, रियाल उतरला की त्यांचा पगारही उतरतो आणि वाढ मागावी लागते. शिवाय एकदा दर हलला की पुढचा केव्हा, हाच प्रश्न रोज विचारला जातो. जानेवारी २०१६ मध्ये आगाऊ करारांच्या (पुढच्या तारखेला चलन कोणत्या दराने द्यायचे-घ्यायचे ते आज ठरवणारे करार) बाजारात रियालविरुद्ध पैजा वाढल्या, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना अशा करारांवरील विकल्प (‘ऑप्शन’) विकण्यास मनाई केली. (‘वायदा’ हा शब्द इथे टाळला. वायदा म्हणजे एक्स्चेंजवर होणारा प्रमाणित करार. बँकेशी थेट केलेला तो आगाऊ करार.)

माझे मत: गंगाजळी भरपूर आणि देशी उत्पादन तोकडे असेल तर दर राखावा आणि खर्च कापावा. शेती, कारखाने, मोठी लोकसंख्या असलेल्या नायजेरिया किंवा कझाकस्तानसारख्या देशाने दर राखण्यात गंगाजळी जाळू नये.

शेषफळ :
आखातात कधी झालेच नाही असे मात्र नाही. ओमानने जानेवारी १९८६ मध्ये रियालचे सुमारे दहा टक्के अवमूल्यन केले, डॉलर ०.३४५४ वरून ०.३८४५ रियाल झाला, आणि तो दर आजही तोच आहे. एकच, पुरेशी पायरी आणि मग हलवायचे नाही.

उलट नमुना अझरबैजान. फेब्रुवारी २०१५ ची पायरी अपुरी ठरली. तेल आणखी पडले, लोकांनी ठेवी डॉलरमध्ये फिरवल्या, मध्यवर्ती बँकेची गंगाजळी वर्षभरात सुमारे १४ अब्ज डॉलरवरून ५ अब्जांवर आली आणि डिसेंबरमध्ये दुसरा धक्का द्यावा लागला. ज्यांची कमाई मनातमध्ये आणि कर्ज डॉलरमध्ये, त्यांचे हप्ते थकले. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी बँकेला २०१७ मध्ये परकीय कर्जाची फेररचना करावी लागली. दर हलवण्याआधी बँकांच्या वह्यांत डॉलर-कर्ज कोणाच्या नावावर आहे ते पाहायचे असते ते यासाठी.

मुळाक्षर :
‘छुपे अवमूल्यन’ या शब्दप्रयोगाला मान्यता द्यावी असे सुचवतो. जाहीर दर तोच ठेवायचा, पण त्या दराने डॉलर कोणाला मिळेल ते आवळत न्यायचे. नायजेरियाने जून २०१५ मध्ये ४१ वस्तूंच्या आयातीला अधिकृत बाजारातून डॉलर देणे बंद केले. ती बंदी ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. त्या वस्तू आणणाऱ्यांसाठी खरा दर समांतर बाजाराचाच होता. इराणने एप्रिल २०१८ मध्ये डॉलरला ४२,००० रियाल हा दर ठरवला. लोक त्याला तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या नावाने ‘जहांगीरी डॉलर’ म्हणत. बाजारातला दर त्याच्या कित्येक पट झाला आणि स्वस्त डॉलर मिळवून महाग विकणे हाच एक धंदा झाला.

‘काळा बाजार’ऐवजी ‘समांतर बाजार’ लिहावे. अनेक देशांत तो उघड चालतो, वर्तमानपत्रे त्याचा दर छापतात.

ताळेबंद :
शेवटची शंका. व्हेनेझुएलाने चलनावरची शून्ये उडवली, त्यालाही काही ठिकाणी अवमूल्यन म्हटले आहे.

शेषफळ :
ते ‘पुनर्अंकन’. २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच, २०२१ मध्ये सहा शून्ये काढली. पगार, किंमत, कर्ज, डॉलरचा दर, सगळ्यांना एकाच आकड्याने भागले, त्यामुळे त्या क्षणी कोणीही गरीब किंवा श्रीमंत होत नाही. गोंधळ होण्याचे कारण असे की २०१८ मध्ये शून्ये काढतानाच बोलिव्हारचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, अधिकृत दरही प्रचंड खाली आणला गेला. एका दिवशी झालेल्या दोन वेगळ्या गोष्टी. फेब्रुवारी २०१३ मध्ये डॉलर ४.३० बोलिव्हारवरून ६.३० केला होता, ते मात्र निव्वळ अवमूल्यन: डॉलर सुमारे ४७ टक्के वर, बोलिव्हार ३२ टक्के खाली.