शब्दचर्चा : गोल्फमधल्या 'बंकर'ला मराठीत काय म्हणावं?

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स ह्या गोल्फच्या मैदानावर एकदा खेळायला मिळालं. त्याबद्दल मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. तिथे ११२ बंकर आहेत, म्हणजे चेंडू अडकवणारे वाळूचे खळगे. पानोपानी 'बंकर' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सैनिक उभे राहतात. 'वाळूचा खड्डा' म्हटलं तर मुलं खेळतात तो वाटतो. १४व्या होलवर (होल म्हणजे झेंडा लावलेल्या भोकापर्यंतचा खेळाचा एक टप्पा) माझा चेंडू 'हेल' नावाच्या बंकरमध्ये गेला, तेव्हा समोर पुरुषभर उंचीची भिंत होती, गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा एकावर एक रचून उभी केलेली. कॅडी, म्हणजे सोबत क्लबांची पिशवी वाहणारा मदतनीस, म्हणाला, झेंडा विसरा, आल्या दिशेने मागे मारा. तसंच केलं, तरी दोन फटके गेले. ह्याला खड्डा म्हणवत नाही. शब्द सुचवा.

---

खंदक. तयार शब्द आहे, खोली आहे, दरारा आहे. अजून काय हवं?

---

'खंदक' नको. किल्ल्याभोवतीचा खंदक माणसाला आत येऊ नये म्हणून अडवतो, हा तर आत ओढून घेतो. शिवाय 'खंदक' सुचतो तोच मुळी बंकर हा लष्करातला शब्द आहे अशा समजुतीने. उलट आहे. स्कॉट बोलीत बंकर म्हणजे पेटी, बसायच्या बाकासारखी वापरता येणारी. गोल्फमध्ये तो १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच रुळला होता. जहाजावरची कोळशाची कोठी, तीही बंकरच. सैनिकांचा बंकर २०व्या शतकातला, जर्मनमार्फत आलेला. म्हणजे तुमच्या वाचकाला सैनिक दिसतात ती चूक गोल्फची नाही, आणि तिच्यासाठी गोल्फने शब्द बदलायचं कारणही नाही.

---

मग 'सापळा' का नको? अमेरिकेत 'सँड ट्रॅप' म्हणतातच की.

---

म्हणतात, पण नियमांच्या पुस्तकात बंकरच आहे. मात्र ओल्ड कोर्सपुरता 'सापळा' अगदीच गैरलागू नाही. हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळला जाई. त्यामुळे आज टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, पाहताना बरेच बंकर दिसतच नाहीत. चेंडू सुरेख सरळ जातो, तुम्ही खुशीत चालत जाता, आणि चेंडू वाळूत बसलेला असतो.

एक सावधगिरीची सूचना : कोणी 'अडथळा' सुचवण्याआधीच सांगतो. २०१९च्या नियमांत 'हॅझर्ड', म्हणजे अडथळा, हा शब्दच काढून टाकला. पाण्याच्या जागांना वेगळं नाव दिलं आणि बंकर हा स्वतंत्र प्रकार राहिला.

---

मी 'पेव' सुचवतो. धान्य साठवायचं जमिनीतलं पेव, तोंड लहान आणि पोट मोठं. १७व्या होलवरचा रोड बंकर बघा. तोंड इवलंसं, पण भोवतालची जमीन अशी उतरती की ग्रीनवरचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, चेंडूसुद्धा तिकडे ओघळतो. १९७८च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. तिथून भोकाकडे हलकेच ढकललेला चेंडू ह्याच बंकरमध्ये घरंगळला, बाहेर यायला चार फटके लागले आणि होल ९ फटक्यांवर संपला. ती वाळू पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गोळा करून पोटात ठेवणं हे पेवाचंच काम. आणि तिकडे पेटी, कोठी, मग खड्डा. इकडे साठवणीचा खड्डा. दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात.

---

पेव वाचून मजा आली. पण आज 'पेव फुटणे' सोडलं तर तो शब्द किती जणांच्या तोंडी आहे? 'चेंडू पेवात पडला' हे वाचून निम्मे लोक थबकतील, आणि थांबायचं ते खेळाडूच्या फजितीपाशी, शब्दापाशी नव्हे.

माझं म्हणणं, नाम राहू द्या, क्रियापदं मराठी वापरा. खेळणारे 'माझा चेंडू बंकरमध्ये आहे' असं कुठे म्हणतात? 'मी बंकरमध्ये आहे' म्हणतात. चेंडू 'जातो' तेव्हा नुसती बातमी असते, 'सापडतो' तेव्हा हळहळ, 'रुततो' तेव्हा पुढचा फटका कसा असेल तेही कळतं. बंकरमधून चेंडू 'मारत' नाहीत, 'काढतात'. नियमांसाठीही नेमकं क्रियापद आहे : 'टेकवणे'. फटक्याआधी चेंडूच्या लगत मागेपुढे क्लब वाळूला टेकवला की दोन फटक्यांचा दंड. चेंडू निघतच नसेल तर दोन दंडाचे फटके घेऊन बंकरबाहेरून खेळायची मुभाही २०१९पासून आहे. 'सोडवून घेतला' म्हणा, चपखल बसतं.

आणि कृपया 'बंकर्स' लिहू नका. पुल्लिंगी आहे, तेव्हा एक बंकर, दहा बंकर.

---

सगळ्यांचे आभार. 'बंकर'च ठेवतोय. 'पेव' एकदाच येईल, रोड बंकरच्या वर्णनात उपमेला. 'सोडवून घेणे' तर लगेच उचललं. हेलमध्ये मला ते आठवलं असतं तर बरं झालं असतं. १९९५च्या ओपनमध्ये जॅक निकलससारख्या दिग्गजाला तिथून निघायला चार फटके लागले होते आणि होलवर एकूण १० फटके झाले, एवढाच माझा दिलासा. २०००मध्ये टायगर वूड्स चारही दिवस, ७२ होल, एकाही बंकरमध्ये न जाता जिंकला. त्याला ह्या धाग्याची गरज नाही.

आता विशेषनामं. 'हेल'चं 'नरक' करू का? १३व्या होलवरच्या 'कॉफिन्स'चं 'शवपेट्या'? १६व्यावर 'प्रिन्सिपल्स नोज' आहे. तिथल्या एका कॉलेजच्या प्रमुखाच्या नाकावरून ते नाव पडलं असं सांगतात.

---

नावं तशीच ठेवा, अर्थ पहिल्यांदा येईल तेव्हा एकदा सांगा. अपवाद फक्त शेवटचा. 'प्राचार्यांच्या नाकात सापडलो' हे वाक्य सोडणार असाल तर मी वाचणार नाही.