‘तिप्पट’ आणि ‘तीन पटींनी जास्त’

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहतो. नात आठवीत आहे. शाळा गुजराती माध्यमाची, घरची बोली मराठी. परवा ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, हा दाखला गणायचाय.” गुजरातीत उदाहरणाला दाखला म्हणतात हे इथे जन्म गेल्यामुळे मला ठाऊक आहे, पुण्याहून आलेल्या तिच्या मावशीने मात्र “कसला दाखला, शाळा सोडल्याचा?” असे विचारले. असो. पुस्तकातले गुजराती वाक्य मी तिला मराठीत असे सांगितले : ‘आईचे वय मुलीच्या वयापेक्षा तीन पटींनी जास्त आहे. १२ वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल, तर दोघींची आजची वये काढा.’ तिचे उत्तर मुलगी ६ आणि आई २४ असे आले, तर पुस्तकात १२ आणि ३६ आहे. तिचे म्हणणे असे की ‘५ ने जास्त’ म्हणजे ५ मिळवायचे, तर ‘तीन पटींनी जास्त’ म्हणजे तीनपट मिळवायचे. यात चूक तिची की माझ्या मराठीची?

उत्तर : दोन्ही वाचने मांडून पाहिली की नात कुठे वळली ते दिसते. मुलीचे आजचे वय क्ष मानू. ‘तिप्पट’ घेतल्यास आईचे वय ३क्ष, आणि १२ वर्षांनंतरच्या वयांवरून ३क्ष + १२ = २(क्ष + १२) हे समीकरण मिळते. कंस सोडवून उजवी बाजू २क्ष + २४ होते; दोन्ही बाजूंतून २क्ष आणि १२ वजा केले की क्ष = १२. नातीने आईचे वय क्ष + ३क्ष, म्हणजे ४क्ष धरले; तिचे समीकरण ४क्ष + १२ = २क्ष + २४, म्हणून २क्ष = १२ आणि क्ष = ६. ताळा पाहू गेल्यास ४८ ही २४ ची दुप्पट आहे आणि ३६ ही १८ चीही दुप्पट आहे. वये अपूर्णांकात किंवा ऋण आली असती तर तिला शंका तरी आली असती, पण इथे दोन्ही उत्तरे संभवनीय आहेत, आणि म्हणूनच हे उदाहरण फसवे आहे.

खरा फरक विभक्तीचा आहे. ‘मुलीच्या वयाच्या तिप्पट’ यात ‘च्या’ आहे, तो गुणाकाराकडे नेतो. ‘वयापेक्षा अमुक ने जास्त’ ही रचना बेरजेची आहे. आपल्या वाक्यात बेरजेच्या रचनेत गुणाकाराचा शब्द बसला आहे. गुजरातीत ‘त्रण गणी’ असेल, तर त्याला मराठीत ‘तिप्पट’ एवढेच पुरे होते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, असे म्हटले आणि पुढच्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. एका अव्यक्ताच्या समीकरणाचे ‘एकवर्ण’ हे नाव या रंगांवरूनच आले. राशीला नाव कोणतेही द्यावे, पण ‘च्या’ आणि ‘पेक्षा’ यांची अदलाबदल करता येत नाही.

दुसरे मत : व्यवहारात ‘भाव दुपटीने वाढले’ म्हणणाऱ्याला भाव दुप्पट झाले एवढेच सांगायचे असते, तिप्पट झाले असे नव्हे. बाळाचे दुपटे डोळ्यांसमोर आणा : त्याचे पदर दोन, आणि त्यांत पहिला पदर मोजलेला असतोच. रूढीला प्रमाण मानले तर आजोबांचे वाक्य चूक ठरत नाही.

पहिल्या उत्तराकडून : रूढी मान्य आहे, पण त्याच न्यायाने ‘एकपटीने जास्त’ म्हणजे ‘तेवढेच’ असा अर्थ होईल, आणि तो कोणालाच पटणार नाही. शिवाय ‘२०० टक्क्यांनी जास्त’ म्हटल्यावर आपण मूळ रकमेत तिची दुप्पट मिळवतो. तिथे बेरजेबद्दल कोणी वाद घालत नाही. बोलताना ‘दुपटीने’ खुशाल चालावे. गणितात ते लिहू नये, आणि नातीचे गुण कापू नयेत.

प्रश्नकर्ता : वहीत ‘पेक्षा’ खोडून ‘च्या’ केले आहे. ६ आणि २४ हे उत्तर मात्र तिने खोडू दिले नाही; त्याखाली ‘आजोबांच्या वाक्याप्रमाणे’ असे लिहून ठेवले आहे.